बोट लागणें आणि त्यावरचे उपाय



समुद्रापासून इतक्या आंत असलेल्या ह्या शहरांतून बोट लागण्याविषयीं बोलावें, हें आपल्यांतील पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. छत्रपति संभाजीनगर म्हणा, कीं आम्हां जुन्या माणसांच्या तोंडीं बसलेलें औरंगाबाद म्हणा, येथल्या माणसाचा मोठ्या पाण्याशीं संबंध फार तर जायकवाडीच्या जलाशयापुरता. बोट लागणें हें दुखणें पूर्वीं कोंकणच्या माणसाचें. मुंबईस आगबोटींत बसावें आणि रत्नागिरी, वेंगुर्लें किंवा पणजी गांठावी, असा त्यांचा परिपाठ असे. त्या आगबोटी बंद पडून आतां कित्येक वर्षें लोटलीं.

परंतु अलीकडे समुद्र निराळ्या वाटेनें आपल्या घरांत शिरला आहे. २०१८ सालीं आंग्रे घराण्याची आठवण देणारी 'आंग्रिया' नांवाची बोट मुंबईहून गोव्यास प्रवासी नेऊं लागली. ती पुढें थांबली; पण २०२१ पासून तिच्याहून पुष्कळ मोठ्या विलासनौका मुंबईहून निघूं लागल्या. २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्यास मोटारीसकट माणसें नेणारी बोटहि सुरू झाली. आतां मुलें नोकरीला लागलीं कीं आईबापांची साठी बोटीवर साजरी करण्याचा घाट घालतात. ज्यांनीं जन्मांत होडीहि पाहिली नाहीं, असे मराठवाड्यांतले आजीआजोबा त्या बोटींत चढतात, आणि पहिल्याच रात्रीं त्यांस कळतें कीं आपणांस बोट लागली आहे.

शिवाय 'बोट लागणें' आणि 'गाडी लागणें' हीं सख्खीं भावंडें आहेत. कन्नडचा घाट मोटारीनें उतरलेल्या कोणालाहि तें समजावून सांगावें लागणार नाहीं. मी वैद्य नव्हे, डॉक्टरहि नव्हे. मॅट्रिक होऊन मास्तरकी पत्करली आणि तींतच आयुष्य गेलें. पण ह्या विषयांत मीं एक मोठी चूक केली आहे, आणि तिची शिक्षाहि भोगली आहे. तेवढ्या अधिकारावर आज बोलतों.

पुष्कळ वर्षांपूर्वींची गोष्ट. आमच्या शाळेची सहल पाटणादेवीस निघाली होती. चाळीसगांवजवळचें हें रम्य ठिकाण भास्कराचार्यांच्या नांवाशीं जोडलेलें आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं स्थापलेल्या मठाचा शिलालेख तेथलाच. कन्नडच्या घाटांत मोटार वळणें घेऊं लागली, आणि पांचवींतली एक मुलगी पांढरीफटक पडून ओकूं लागली. मीं तिला पाणी दिलें, पण त्याबरोबर उपदेशहि दिला. "हे सारे मनाचे खेळ आहेत. मन घट्ट करावें, म्हणजे कांहीं होत नाहीं. बाकीचीं मुलें बघ कशीं बसलीं आहेत!" मुलें हंसलीं. पुढल्या वर्षीं सहलीच्या यादींत तिचें नांव नव्हतें. त्याच्या पुढल्या वर्षींहि नव्हतें. विचारलें तेव्हां ती खालीं मान घालून एवढेंच म्हणाली, "सर, मला गाडी लागते." मला त्यांत आपला कांहीं दोष दिसला नाहीं.

हे खरोखर मनाचे खेळ आहेत काय? प्रथम हाच प्रश्न सोडवूं, कारण त्यावर सर्व उपायांची पारख अवलंबून आहे.

आपल्या कानाच्या अगदीं आंतल्या भागांत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत. त्यांत द्रव भरलेला असतो. डोकें वळलें कीं तो द्रव मागें रेंगाळतो, आणि डोकें वळल्याची वर्दी मेंदूस पोंचते. त्यांच्या शेजारीं चुनखडीच्या बारीक कणांनीं भारलेल्या दोन पिशव्या आहेत; त्या वरखालीं व पुढेंमागें होणारी हालचाल सांगतात. आतां बोटीच्या बंद खोलींत बसलेल्या माणसाची स्थिति पाहा. कान सांगतो, आपण वर चाललों, आतां खालीं चाललों. डोळा सांगतो, भिंत स्थिर आहे, टेबल स्थिर आहे, आपण जागच्या जागीं आहों. दोन विश्वासू चाकरांनीं मालकाला एकाच वेळीं दोन उलट बातम्या द्याव्या, तसें हें होतें. अशा विसंगत बातम्या आल्या कीं आपल्या पोटांत कांहीं विष गेलें असावें असें शरीर समजतें आणि पोट रिकामें करूं पाहतें, असा तर्क १९७७ सालीं एका शास्त्रज्ञानें मांडला आहे. तो खरा असो वा नसो, कानाचा संबंध मात्र निश्चित आहे. ज्यांच्या कानांतलें हें यंत्र जन्मतः किंवा आजारानें निकामी झालेलें असतें, त्यांना बोट लागत नाहीं.

चालतांना किंवा घोड्यावर दौडतांना धक्के बसतात, तरी मळमळत नाहीं. कारण ते धक्के जलद असतात. साधारण पांच सेकंदांत एकदां वरखालीं होणारी संथ गति सर्वांत वाईट, आणि मोठ्या बोटीची गति पुष्कळदां नेमकी तीच असते. मोटारीच्या चालकास गाडी लागत नाहीं, ह्याचेंहि कारण आतां ध्यानांत येईल. पुढलें वळण त्याला आधीं ठाऊक असतें, म्हणून त्याच्या डोळ्याची व कानाची बातमी जुळते.

तेव्हां हा मनाचा दुबळेपणा नव्हे. इंग्लंडचा दर्यासारंग नेल्सन जन्मभर समुद्रावर होता, आणि जन्मभर त्याला बोट लागत होती. चार्ल्स डार्विन १८३१ पासून १८३६ पर्यंत 'बीगल' जहाजावर हिंडला, तोहि शेवटपर्यंत ह्या दुखण्यानें हैराण होता. दोन वर्षांखालच्या बालकांस हें सहसा होत नाहीं. सातआठ वर्षांपासून बारा वर्षांपर्यंत फार होतें. पुरुषांपेक्षां स्त्रियांस अधिक, आणि अर्धशिशी असणाऱ्यांस त्याहून अधिक. म्हणजे माझी ती पांचवींतली विद्यार्थिनी नेमकी ज्या वयाची होती, त्या वयाचें तें दुखणें!

आतां उपायांकडे वळूं. त्यांचे मीं तीन वर्ग केले आहेत: बिनपैशाचे, घरगुती आणि औषधी.

पहिला वर्ग बिनपैशाचा, आणि माझ्या मतें हाच पाया. बोट पाळण्यासारखी दोन्ही टोंकांस जास्त हालते, मध्यभागीं व खालच्या मजल्यावर कमी. म्हणून झोपण्याची खोली मधली व खालची घ्यावी. वरच्या मजल्यावरची महागडी खोली ह्या बाबतींत उलट वाईट. दिवसा मात्र खोलींत राहूं नये. उघड्या हवेंत येऊन, बोट ज्या दिशेला चालली आहे तिकडे तोंड करून, क्षितिजाकडे पाहावें. क्षितिज स्थिर असतें. त्याच्या मानानें बोट हालतांना डोळ्यांनाहि दिसते, आणि कानाशीं त्यांचा तंटा मिटतो. क्षितिज दिसत नसेल, तर डोळे मिटून, उशीवर डोकें स्थिर ठेवून उताणें पडावें. एक साक्षीदार गप्प बसला म्हणजे भांडण आपोआप कमी होतें. सावकाश, एकसारखा श्वास घेण्यानेंहि लाभ होतो. वाचन वर्ज्य, आणि हातांतला फोन त्याहून वर्ज्य. पोट रिकामें नको आणि तुडुंबहि नको; साधा भात, पोळी, बिस्किट पुरे. तळलेलें, फार गोड, फार वासाचें खाऊं नये. मद्य तर नकोच.

ह्याच वर्गांत ऋतूची निवड येते. पावसाळ्यांत अरबी समुद्र खवळलेला असतो. नारळी पौर्णिमेस नारळ वाहून मगच होड्या पाण्यांत लोटण्याची आपल्या कोळीबांधवांची रीत हें सर्वांत जुनें प्रवासमार्गदर्शन होय. डिसेंबर ते फेब्रुवारी हे दिवस त्या मानानें शांत. मोटारीच्या प्रवासालाहि हेच नियम लागू करावे: पुढची जागा, समोरच्या रस्त्याकडे दृष्टि, उघडी खिडकी.

दुसरा वर्ग घरगुती उपायांचा. ह्यांत आपला हात कोणी धरणार नाहीं! लिंबू, आवळासुपारी, लवंग, आलेपाकाच्या वड्या, आसनावर पसरलेला वर्तमानपत्राचा कागद: सहलींच्या निमित्तानें मीं हे सारे उपाय मुलांच्या पिशव्यांतून निघतांना पाहिले आहेत. ह्यांतलें आलें हें मात्र शास्त्राच्या कसोटीवर चढलेलें आहे. १९८८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत डेन्मार्कच्या नौदलांतील ८० छात्रांना भर समुद्रांत, कांहींना एक ग्रॅम सुंठीसारखी आल्याची भुकटी आणि कांहींना तशीच दिसणारी निरुपयोगी पूड दिली. आलें घेणाऱ्यांत वांत्या व थंड घाम हीं लक्षणें कमी आढळलीं. मळमळ मात्र निर्णायक म्हणण्याइतकी कमी झाली नाहीं. दुसऱ्या कांहीं प्रयोगांत आल्याचा गुण आढळलाच नाहीं. म्हणजे आलें हा भरंवशाचा रक्षक नव्हे, पण निरुपद्रवी सोबती आहे. रक्त पातळ करणारें औषध चालूं असेल त्यानें मात्र सुंठीचा मारा करण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारावें. लिंबू व आवळासुपारी ह्यांनीं तोंडास चव येते, तेवढें खरें. मनगटावर दाब देणाऱ्या पट्ट्या मिळतात. त्यांच्याविषयींचे निष्कर्ष परस्परविरुद्ध आहेत, पण त्यांनीं अपायहि होत नाहीं. वर्तमानपत्राच्या कागदाला मात्र मला कांहीं आधार सांपडलेला नाहीं.

तरीहि कागदावर बसलेल्या पुष्कळांस बरें कां वाटतें? येथें मन येतें, आणि माझी चूकहि येथेंच येते. १९९५ सालीं इस्रायलच्या नौदलांतील शिकाऊ छात्रांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कांहींना प्रवासापूर्वीं विश्वास दिला, कीं तुम्हांला बोट लागण्याचा संभव कमी आहे, आणि लागली तरी तुम्ही आपलें काम नीट कराल. त्यांना इतरांपेक्षां कमी त्रास झाला, आणि त्यांचें कामहि सरस ठरलें. मन दुखणें उत्पन्न करीत नाहीं, पण तें वाढवूं शकतें आणि थोडें आवरूंहि शकतें. मी त्या मुलीला म्हणालों, "मन घट्ट कर." शब्द वरवर त्याच जातीचे, पण चारचौघांत, दोषारोपाच्या सुरांत उच्चारलेले. धीर द्यावयाचा तेथें मीं लाज दिली. लाजेनें कोणाचीहि मळमळ थांबल्याचें ऐकिवांत नाहीं.

तिसरा वर्ग औषधांचा. १९४७ सालीं अमेरिकेंतल्या जॉन्स हॉपकिन्स येथील डॉक्टर अंगावर पित्त उठणाऱ्या रुग्णांवर एक नवें औषध वापरून पाहत होते. एका रुग्ण स्त्रीनें सांगितलें, कीं मला ट्राम लागत असे, ती ह्या गोळीनें लागेनाशी झाली. पुढल्या वर्षीं न्यूयॉर्कहून जर्मनीस जाणाऱ्या सैनिकांच्या बोटीवर त्याची परीक्षा झाली आणि गुण आला. त्याचें नांव डायमेनहायड्रिनेट. प्रोमेथाझिन, मेक्लिझिन आणि सिनारिझिन हीं साधारण त्याच गोतांतलीं. दुसरें औषध स्कोपोलामिन, म्हणजेच हायोसिन. त्याची कानामागें लावावयाची चकती अमेरिकेंत १९७९ पासून वापरण्यास मोकळी झाली. तिचा परिणाम तीन दिवस राहतो. हें द्रव्य आपल्या ओळखीच्या धोतऱ्यांतहि असतें. पण म्हणून कोणी धोतऱ्याच्या वाटेला जाऊं नये. त्यांतलें प्रमाण कोणास मोजतां येत नाहीं, आणि त्याचें बीं जीवघेणें विष आहे.

बोट लागण्यावर सर्वांत खात्रीचा गुण ह्या तिसऱ्या वर्गाचाच, हें कबूल केलें पाहिजे. पण त्यास तीन अटी आहेत. पहिली अट वेळेची. गोळी बोट सुटण्यापूर्वीं, औषधाप्रमाणें अर्धा तास ते दोन तास आधीं घ्यावी. चकती चार तास आधीं लावावी. मळमळ सुरू झाली कीं जठराचें काम मंदावतें, आणि मागून घेतलेली गोळी तेथेंच पडून राहते किंवा बाहेर येते. दुसरी अट झोपेची. बहुतेक गोळ्यांनीं ग्लानि येते. त्या घेऊन वाहन चालवूं नये, मद्य घेऊं नये, आणि मूल लहान असल्यास डॉक्टरांवांचून देऊं नये. तिसरी अट वयाची. काचबिंदु असलेल्यांना, आणि प्रोस्टेटची गांठ वाढलेल्या वृद्धांना ह्यांतलीं पुष्कळ औषधें अपायकारक होतात. वृद्धांना भ्रमहि होतो. आणखी एक गोष्ट: साध्या उलटीवर हल्लीं सर्रास दिली जाणारी ऑन्डान्सेट्रॉनची गोळी ह्या दुखण्यावर फारशी लागू पडत नाहीं.

ह्या तिन्ही अटी मीं एकाच रात्रींत मोडल्या. मुलानें आम्हां उभयतांस मुंबई-गोवा बोटीचें तिकीट काढून दिलें होतें. आमच्या कुटुंबानें जाण्यापूर्वीं आपल्या डॉक्टरांस विचारलें, बोट सुटण्याच्या तासभर आधीं गोळी घेतली, दोन पोळ्या खाल्ल्या आणि त्या उघड्या हवेंत जाऊन बसल्या. मी हंसलों. पोटभर जेवलों, वर दोन गोड पदार्थ चेपले, आणि खिडकी नसलेल्या खोलींत वर्तमानपत्र उघडून बसलों. पहिलें पान संपण्याच्या आंत तोंडास पाणी सुटलें, कपाळावर थंड घाम आला, आणि पुढचें वर्णन आपण करून घ्यावें. "अहो, बाहेर चला," असें त्या दोनदां म्हणाल्या. मी हट्टानें पडून राहिलों. शेजारच्या खोलींतल्या एका सद्गृहस्थानें गोळी दिली, ती घेतली. अर्ध्या तासांत गुण येईना, म्हणून दुसरी मागून घेतली. रात्रीं मी उठून भिंत चांचपत शाळेची घंटा शोधीत होतों म्हणे. मला त्यांतलें कांहींच आठवत नाहीं. सकाळीं जीभ कोरडीठाक झाली होती, आणि मूत्र अडलें होतें. माझी गांठ वाढलेली आहे, हें मीं त्या गृहस्थास सांगितलें नव्हतें, आणि त्यानेंहि विचारलें नव्हतें. बोटीवरच्या डॉक्टरनें दुपारपर्यंत उपचार करून मोकळें केलें, आणि आपल्या वयाच्या निम्म्या वयाच्या माणसाकडून मीं मुकाट्यानें बोलणीं ऐकून घेतलीं. गोव्याचा किनारा मीं त्या खिडकी नसलेल्या खोलींतून पाहिला. म्हणजे पाहिलाच नाहीं.

परतीच्या वाटेवर मात्र मी कुटुंबाचा विद्यार्थी झालों. डॉक्टरांनीं गोळी बंद केली होती. म्हणून थोडा भात, आलेपाकाची वडी, मधल्या भागांतील बांक आणि क्षितिज, एवढ्याच भांडवलावर प्रवास केला. मळमळलें, नाहीं असें नाहीं. पण वांती झाली नाहीं. आणि मीं जन्मांत पहिल्यांदां समुद्रावरचा सूर्यास्त पाहिला.

एक चौथा उपाय सांगावयाचा राहिला, तो म्हणजे संवय. दोनतीन दिवसांत बहुतेकांचें शरीर बोटीच्या गतीशीं जुळवून घेतें. खलाशांचा भरंवसा ह्यावरच. पण आपल्या सहली दोनतीन रात्रींच्या. संवय होईतों बंदर येतें, आणि मग उतरल्यावर स्थिर जमीन डुलूं लागते! म्हणून छोट्या प्रवासास हा उपाय कामाचा नाहीं. ज्यास त्रास होण्याचा संभव आहे, त्यानें पूर्वतयारीवरच विसंबावें: आधीं डॉक्टरांचा सल्ला, मग जागेची निवड, हलकें जेवण, क्षितिज, आणि सोबतीला आलें.

ह्या साऱ्यांच्याहि आधींचा एक उपाय आहे, तो बरोबरच्या माणसांच्या हातीं असतो. आपल्या घरांत, वर्गांत, प्रवासी मंडळींत कोणाला गाडी लागते हें निघण्यापूर्वीं आपण होऊन विचारावें, त्याला पुढची जागा द्यावी, आणि "कांहीं लाजूं नकोस, पुष्कळांना होतें, मी जवळ आहें," असें सांगावें. त्या पाटणादेवीच्या सहलींत मला हें सुचलें असतें, तर एका मुलीच्या वांट्यास पुढल्या दोन सहली आल्या असत्या. ती आतां मोठी झाली असेल. कदाचित् तिच्या घरींहि रेडिओ असेल. ती ऐकत असेल तर तिला एवढेंच सांगावयाचें आहे, कीं बाई, तुला खरोखरच गाडी लागत होती, आणि चूक तुझ्या मास्तरांची होती.